पुठ्ठ्यावरची अक्षरं

टक टक टक टक. जरा थांबून परत टक टक टक टक. दुपारचे अडीच झाले होते. माझी लेक विशू आतल्या खोलीत झोपली होती, आई पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडली होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं, आणि त्या गपगार घरात हा आवाज कुठून येतो म्हणून मी आधी नळाकडं पाहिलं, मग खिडकीच्या कडीकडं. मग खाली. माझीच बोटं पोळ्यांच्या डब्याच्या झाकणावर चालली होती. डाव्या हाताची चार, करंगळीपासून आत; मग उजव्या हाताची चार. चटका बसल्यासारखे मी हात उचलून घेतले. कितीतरी वर्षांत ती अशी आपणहून चालली नव्हती. आज चालली, कारण तासाभरापूर्वी माझा भाचा सम्यक औरंगपुऱ्यातली पप्पांची क्लासची खोली रिकामी करून त्यांचा जुना कॉम्प्युटर रिक्षात घालून माझ्याकडं घेऊन आला होता, आणि तो कॉम्प्युटर आता हॉलमध्ये टीव्हीच्या खाली, लांबच्या गावाहून आलेल्या पाहुण्यासारखा अवघडून बसला होता. पाच वाजता सम्यकच्या कॉलेजातली पोरं टेम्पो घेऊन येणार होती. घरोघरचं मोडकं इलेक्ट्रॉनिक सामान ती गोळा करतात. म्हणजे माझ्या हातात अडीच तास होते, आणि तेवढ्यात मला एकच गोष्ट बघायची होती. तेरा वर्षांपूर्वी मी एक वाक्य बोलले होते. ते पप्पांनी मनात ठेवलं, का सोडून दिलं?

सम्यक सतरा वर्षांचा. त्यानं मॉनिटर जमिनीवर टेकवला तेव्हा त्याच्या दंडाच्या शिरा फुगल्या होत्या. "आत्या, ह्याच्यात आजोबा दगड भरून ठेवायचे काय?" मी म्हटलं, काच आहे, जाड काच. "आणि हा डबा?" तोच तर कॉम्प्युटर. "मग हा?" तो मॉनिटर. "म्हणजे दोन मिळून एक?" तो मनापासून हसला. त्याच्या हसण्यात काही वाईट नव्हतं, म्हणून तर ते लागत होतं. वर अजून कव्हर होतं, आईच्या मोरपंखी साडीचं, पप्पांनी स्वतः शिलाई मशीनवर बसून शिवलेलं. आई दारातूनच म्हणाली, "घ्या, आली माझी सवत. त्या डब्याला तुझ्या बापानं जेवढं झाकून ठेवलं तेवढं मला थंडीत नाय झाकलं." सम्यक म्हणाला, "आजी, मग आज सवत चालली बघ भंगारात." आई हसली, पण कव्हर काढून तिनं ते घडी घालून मांडीखाली घेतलं. ते टेम्पोत जाणार नव्हतं.

डब्याबरोबर सम्यकनं एक पिशवी आणली होती. "ह्या पिशवीत नुसते पुठ्ठे हायेत. फेकू?" मी पिशवी त्याच्या हातातून ओढूनच घेतली. पुठ्ठे. साड्यांच्या खोक्यांचे, हातभर लांब कापलेले, कडा गुळगुळीत झालेल्या, आणि त्यांवर निळ्या बॉलपेननं आखलेल्या चौकोनात एकेक इंग्रजी अक्षर. गुलमंडीतल्या एका साडीच्या दुकानातून पप्पा ते मागून आणायचे. सुरुवातीला क्लासमध्ये दोनच मशीन होती आणि पोरं तीस. एका पोराच्या वाट्याला पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटांत अक्षर शोधण्यातच वेळ गेला तर शिकायचं कधी? म्हणून पप्पांनी नियमच केला होता: पहिला महिना मशीनला हात लावायचा नाही. पुठ्ठा घरी न्यायचा, मांडीवर घ्यायचा, बोटं बसवायची. डोळे मिटून नाव लिहायचं, बापाचं नाव, गावाचं नाव. महिन्यानं त्या काळ्या पडद्यापुढं बसलेलं पोर खाली न बघता आपलं नाव लिहायचं आणि ते नाव समोर उजळायचं, तेव्हा पप्पा मागं उभे राहून नुसते चष्मा पुसायचे. आठवडी बाजाराच्या दिवशी ते पाचोडला, आमच्या गावी, जायचे. पिशवीत तेच पुठ्ठे. विहाराच्या ओट्यावर आठ-दहा पोरं मांडी घालून बसायची आणि मी, सात वर्षांची, पप्पांच्या सायकलला टेकून बघत राहायचे. जवळपास कुठं कॉम्प्युटर नाही, गावात वीज असली तर असली, आणि ही पोरं पुठ्ठ्यावर टाइप करतायत. पावसाआधी पत्र्यावर थेंब वाजतात तसा आवाज. बाजारातून परतणारे लोक थांबायचे, हसायचे. एकदा एक म्हातारा म्हणाला, "कडुबा, बैल नाय अन् तू पोरांच्या हातात कासरा दिला का?" पप्पा म्हणाले, "बैल येईल, तात्या. आला आन् यांना हाकता नाय आला, तर लोक म्हणतील, यांना जमतच नाय. ते मला ऐकायचं नाय." मला तेव्हा हा बैलांचा विषय वाटला होता.

त्यांचं नावच कडुबा. शहरातली पोरं आधी खुदकन हसायची, कॉम्प्युटरच्या सरांचं नाव कडुबा. पाटीवर त्यांनी के. बी. सर वगैरे लिहिलं नाही. कडुबा खरात, पूर्ण. मी मात्र अकरावीत गेल्यावर मैत्रिणींना वडिलांचं नाव सांगताना पुटपुटायचे. हे लिहितानाही अंगठा जरा थांबला. हो, अंगठाच. हे सगळं मी फोनवर लिहितेय, विशू मांडीवर आडवी, डावा हात तिच्या पाठीवर, उजव्या अंगठ्यानं. फोन पुढचा शब्द आधीच सुचवतो. मी 'आठ' लिहिलं की तो 'आठवण' पुढं करतो. पप्पा म्हणायचे, "माझ्या बापाचा अंगठा होता, माझी सही झाली, तुझी धाही बोटं चालली पायजेत." धाही बोटं चालली, पप्पा. आणि मग एवढं सोपं झालं सगळं की परत अंगठ्यावर आले.

ते वाक्य मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना बोलले. टचचा फोन नवा होता. त्याच्या काचेवरून बोट फिरवताना मला अंगावरून मोरपीस फिरल्यासारखं व्हायचं. सुटीच्या दिवशी मी क्लासच्या टेबलावर बसून नवीन पोरांची नावं लिहून घ्यायचे. क्लास ओसरत चालला होता. नवी मशीन आली होती, बरी, रंगीत. पण पहिला महिना पुठ्ठा, मग काळा पडदा हा पप्पांचा नियम तसाच होता. पोरं यायची, पुठ्ठा हातात घेऊन एकमेकांकडं बघायची, परत यायची नाहीत. त्या दिवशी एक मुलगी वडिलांबरोबर आली. दोन वेण्या, अंगात शाळेचाच गणवेश. पप्पा मागं कापडी पडद्याआड बसून पुठ्ठा कापत होते. कात्रीचा करकर आवाज येत होता. मुलीनं पुठ्ठ्यावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "ताई, हे शिकायला लागतंच का?" आणि मी हसले. माझ्या नव्या फोनसकट हसले. म्हटलं, "अगं कशाला? आता सगळं बोटावर होतं. हे म्हणजे विमान आल्यावर बैलगाडी शिकण्यातली गंमत आहे." मुलगी हसली, तिचे वडीलही हसले, बरं झालं सांगितलं म्हणाले, आणि गेले. कात्री थांबली होती. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाली. पप्पा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पूर्ण कापलेला पुठ्ठा होता आणि शर्टाला पुठ्ठ्याचा भुसा. मला म्हणाले, "चहा घेतेस का?" बस. त्या दिवशी नाही, नंतर नाही, माझ्या लग्नात नाही, विशू झाली तेव्हा नाही. तीन वर्षांपूर्वी ते गेले. शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्या उशाशी बसून त्यांना फोनवर विशूचे व्हिडिओ दाखवत होते आणि ते बोटानं पडदा न सरकवता, मी सरकवायची वाट बघत होते. माझ्या तोंडात ते वाक्य आलं होतं. मी म्हणाले, "पप्पा, पाणी देऊ?"

पण ते प्रत्येक पोराची नोंद ठेवायचे. संध्याकाळी क्लास सुटला की त्याच काळ्या पडद्यावर, एकेका पोराच्या नावाची फाइल. नाव आठ अक्षरांत बसवावं लागायचं, त्या मशीनला नववं अक्षर चालायचं नाही. माझी फाइल होती हे मला माहीत होतं. सरांच्या नोंदी पोरांनी वाचायच्या नाहीत म्हणून मी कधी उघडली नाही, आणि नंतर उघडावीशी वाटली नाही. विशूचं नाव ठेवायचं तेव्हा विशाखा म्हटल्यावर पप्पांनी बोटं मोजली होती. "इंग्रजीत आठच होतात. बसतं बघ." सगळे हसले होते, मीही.

तीन वाजता मी तारा जोडल्या. सम्यक फोन काढून व्हिडिओ घ्यायला बसला. आतून एक घरघर, मग एकच बारीक शीळ, आणि काचेत राखाडी उजेड हळूहळू वर आला. सम्यक म्हणाला, "चालू झालं! आत्या, भारी!" आवाजानं विशू उठून आली, डोळे चोळत, माझ्या ओढणीत शिरली. पडद्यावर इंग्रजीत आलं, आतली बॅटरी संपली आहे, पुढं जायला बटण दाबा. दाबलं. मग मशीननं विचारलं, आज तारीख काय? मी नुसतंच दाबून पुढं गेले. मग काळोख, आणि त्या काळोखात डावीकडं एक छोटी रेघ, लुकलुकणारी. एवढंच. सम्यक वाट बघत राहिला. "आता?" आता काही नाही. आता आपण सांगायचं. "आपण? म्हणजे हे मलाच विचारतंय? यालाच म्हाईत नाय काय करायचं?" विशू पुढं झाली, काचेजवळ तोंड नेऊन, घरातल्या सगळ्या वस्तूंशी बोलते तशी लाडानं म्हणाली, "हॅलो, ससा दाखव." रेघ लुकलुकली. "मोठा ससा." रेघ लुकलुकली. विशूनं माझ्याकडं पाहिलं. "मम्मी, हे आपल्यावर रुसलंय का?"

आणि मी, कॉम्प्युटरची इंजिनिअर, विशू होईपर्यंत पाच वर्षं वाळूजच्या कंपनीत लोकांची मशीन दुरुस्त करून देणारी, त्या रेघेपुढं कोरी उभी होते. काही आठवेना. आतल्या फाइलींची यादी मागायची तर काय लिहायचं? माझ्या फोनमध्ये सगळी चित्रं असतात, आंब्याच्या फोडींसारखी मांडून ठेवलेली, उचलायचं फक्त. इथं काही मांडलेलं नव्हतं. इथं कुणीतरी हात पुढं करून थांबलं होतं, आणि काय मागायचं ते मला माहीत असायला हवं होतं. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की पप्पा त्या मशीनसारखे होते. त्यांनी स्वतःहून कधी काही पुढं केलं नाही. नेमकं विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. सम्यक म्हणाला, "थांब आत्या, मी फोनला विचारतो, दोन सेकंदात." मी म्हटलं, नको. का नको म्हटलं ते सांगता येत नाही. मी जमिनीवर बसले, पिशवीतून एक पुठ्ठा काढून मांडीवर घेतला आणि डोळे मिटले. बोटं आपापल्या घरात जाऊन बसली. खालून निळ्या शाईच्या खाचा लागत होत्या. जिन्याखालच्या चपला, तीस पोरांच्या साठ पावलांचा वास येणारी ती खोली, भिंतीवरचं बाबासाहेबांचं कॅलेंडर, पप्पांच्या शर्टाचा साबण. आणि मग डाव्या हाताचं मधलं बोट खाली गेलं, उजव्याचं वर, मग डाव्याची तर्जनी वर. डी. आय. आर. मी डोळे उघडले. तीनच अक्षरं होती. उठून ती मी खऱ्या कीबोर्डवर लिहिली.

यादी सरसर वर गेली. शेकडो नावं, सगळी आठ अक्षरांत कोंबलेली, काहींची शेपटी कापलेली. सम्यकनं व्हिडिओ बंद केला होता. "ही सगळी पोरं आजोबांनी शिकवली?" त्याचा आवाज बदलला होता, थोडाच. मग मी माझी फाइल उघडली. इंग्रजी अक्षरांत मराठी, पप्पांच्या पद्धतीचं. अपेक्षा, वय ९. डावी करंगळी कच्ची. घाई लई. बोटांकडं बघते. खाली: वय ११. आता बघत नाही. करंगळी सुधारली. खाली: वय १४. मिनिटाला चाळीस शब्द. मध्येच हसते, तिथं चुकते. हसू दे. आणि एक ओळ मोकळी सोडून, वयाशिवाय, शेवटचं: आता हिला शिकवायची गरज नाही.

मी ते तीनदा वाचलं. एकदा ते मायेनं म्हटलेलं होतं, पोर तयार झाली. एकदा ते त्या दिवशी संध्याकाळी लिहिलेलं होतं, शर्टावरचा भुसा झटकून. तिसऱ्यांदा मला त्यांचा आवाजच ऐकू येईना. तारीख बघावी म्हणून मी पुन्हा यादी मागितली. नावापुढं तारीख असते, शेवटचं कधी लिहिलं त्याची. माझ्या नावापुढं होतं: १ जानेवारी १९८०. तेव्हा तर पप्पा कॉलेजात होते. मग ध्यानात आलं. आतली बॅटरी गेल्यापासून हे मशीन रोज सकाळी जागं झालं की त्याला वाटायचं आज १ जानेवारी १९८० आहे. पप्पा रोज त्याला तारीख सांगायचे, दारातल्या माणसाच्या हातात पेपर द्यावा तशी. पुढं केव्हातरी त्यांनी सांगणं सोडून दिलं असेल, माझ्यासारखंच नुसतं बटण दाबून पुढं गेले असतील. केव्हा? त्या मुलीच्या आधी, का नंतर? मी आईला हाक मारली. "आई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा पप्पा माझ्यावर रागावले होते का गं?" आई उठून बसली, पदर सारखा केला. "तुझा बाप रागावला की बोलत नव्हता, नुसता जेवत नव्हता." "मग तेव्हा जेवले नव्हते का कधी?" "तेरा वर्सांमागं कोन जेवलं अन् कोन नाय, हे ध्यानात ठेवायला मी काय तो डबा हाये व्हय?" मग माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "तुला आत्ता आठवलं का विचारायचं?"

यादीच्या तळाशी, माझ्यानंतर बऱ्याच खाली, एक नाव होतं. बरोबर आठ अक्षरांचं. VISHAKHA. तारीख तीच, १९८०. पुढं आकार: शून्य. मी उघडली. काही आलं नाही. मशीननं विशूची फाइल दाखवली, तिच्यात काहीच नव्हतं म्हणून काहीच दाखवलं नाही, आणि पुन्हा ती रेघ, वाट बघणारी. म्हणजे एका दिवशी, विशू अजून रांगत असताना, आजारी पप्पा औरंगपुऱ्याचे ते जिने चढून गेले होते, क्लास केव्हाच बंद झालेला, साडीचं कव्हर काढून बसले होते आणि नातीसाठी एक रिकामी जागा करून ठेवली होती. ज्या बाईनं बैलगाडी म्हटलं होतं तिच्याच मुलीसाठी. हे उत्तर होतं का? मला ते घट्ट धरून ठेवायचं होतं आणि ते निसटत होतं. विशू विचारत होती, माझं नाव कुठंय, आणि सम्यक तिला काचेवर बोट ठेवून दाखवत होता, "हे बघ, व्ही फॉर विशू." मी सम्यकला म्हटलं, "यात लिहायचं कसं ते आता विचार तुझ्या फोनला." माझ्या फाइलीतल्या त्या शेवटच्या ओळीखाली मला एकच ओळ लिहायची होती. फोननं खरंच दोन सेकंदात सांगितलं. मी हात उचलले, बोटं अक्षरांवर ठेवली, आणि लाइट गेली.

पडदा एका ठिपक्यात मिटला. ठिपका थोडा वेळ राहिला, मग तोही नाही. वीस मिनिटांनी लाइट आली; मी बटण दाबलं. आतून फक्त टक. टक. टक. आतली चकती अडकल्यासारखी, माझ्या दुपारच्या बोटांसारखी. शीळ नाही, तारीख नाही विचारली. सम्यकनं दोनदा उघडून जोडून पाहिलं. आधी हसणारा तोच आता घाम पुसत होता. "आत्या, कुणीतरी असेल ना काढून देणारं. टेम्पोवाल्याला नक्को म्हणून सांगू का?" मी म्हटलं, सांग. त्यानं फोन लावला. "हौ रे, आज नक्को. घरी काम हाये. आरे नाय, तो डबा नाय देनार." 'तो डबा' तो असा म्हणाला जसं आई म्हणते.

पाच वाजले. उन्हाचा पट्टा मॉनिटरच्या धुळीवर आला होता. मी पुठ्ठा घेऊन भिंतीला टेकले, विशूला मांडीत घेतलं, तिची बोटं एकेक करून अक्षरांवर ठेवली; तिची करंगळी अक्षरापर्यंत पोचत नव्हती, मग आपले हात काढून तिनं ते माझ्या हातांवर ठेवले, वर, झोपाळ्यावर बसल्यासारखे. आणि मी लिहायला लागले. डोळे मिटून, खाली न बघता, जे त्या टेबलावर बसून म्हणायचं राहिलं ते, जे उशाशी पाणी देऊ का म्हणताना गिळलं ते, पूर्ण, एकही अक्षर न चुकता. मध्ये हसले नाही. पुठ्ठा वाजत होता, आणि विशूचे हात माझ्या बोटांबरोबर वर-खाली होत होते. शेवटी मी थांबले. विशूनं पुठ्ठा उचलला, उलटा करून पाहिला, मागं गुलमंडीतल्या दुकानाच्या नावाचे अर्धे छापील शब्द होते. तिनं तो पुन्हा सरळ केला, कानाला लावला, मग माझ्याकडं वळून विचारलं,

"मम्मी, आत्ता तू लिहिलं ना, ते कुठं गेलं?"